सातवी-आठवीची मुलं, साठ घरं आणि कोरडा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सहावी ते आठवीची शाळा. दरवर्षी वृक्षारोपण होतं, प्रभातफेरी निघते, फोटो काढले जातात आणि आठवड्याभरात सगळं होतं तसं होतं. यंदा मुलांनी स्वतः ठरवलेला आणि स्वतः चालवलेला समाजसेवेचा प्रकल्प करायचा आहे. विषय कोणता घ्यावा, किती मुलं घ्यावीत, किती दिवस चालवावा आणि शिक्षकांनी नेमकं काय करावं?

एका दिवसात उरकणारं काम घेऊ नका, हे सगळ्यात आधी. मुलं त्याच दारात आठ-दहा वेळा जातील, दर वेळी काहीतरी मोजतील आणि तो आकडा त्यांच्याच वहीत राहील, असं काम निवडा. वही कोणाच्या हातात आहे, यावरून प्रकल्प कोणाचा ते कळतं. वृक्षारोपण इथेच फसतं. रोप निदान दोन-तीन उन्हाळे जगवावं लागतं आणि शाळेला सुट्टी ऐन मे महिन्यात असते. पाणी घालतो शाळेचा शिपाई आणि फोटो असतो मुलांचा. प्रभातफेरीच्या घोषणा मोठ्यांनी लिहिलेल्या असतात, मुलं फक्त ओरडतात. त्यातून गावाला काही मिळत नाही आणि मुलांच्या हातीही काही लागत नाही.

विषय मुलांनी निवडावा, पण कोऱ्या फळ्यासमोर बसून नाही. आधी तासाभराची गल्लीफेरी काढा. चार-चार मुलांचे गट शाळेपासून पाचशे पावलांच्या आत फिरतील आणि जे खटकलं ते लिहून आणतील. वर्गात आल्यावर ती यादी चार प्रश्नांच्या चाळणीतून काढायची: हे आपण पायी जाऊन करू शकतो का? आधी किती आणि नंतर किती, हे मोजता येतं का? दिवाळीच्या सुट्टीआधी संपेल का? आपल्यानंतर कोण करेल? उरलेल्या विषयांवर मत घ्या, पण हात वर करायला लावू नका. हात वर करायचे म्हटलं की सगळी मुलं आधी हुशार मुलाकडे बघतात. प्रत्येकाला तीन चिंचोके द्या, विषयांच्या चिठ्ठ्या लावलेले डबे व्हरांड्यात ठेवा आणि एकेकाला जाऊन टाकायला सांगा. कोणी तिन्ही चिंचोके एकाच डब्यात टाकले तरी चालतील.

जिथे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं अशा गावात पावसाळ्याच्या तोंडावर या चाळणीतून हमखास वर येणारा विषय म्हणजे डास. त्यातही डेंग्यूचा डास. मुलांसाठी याच्याइतका नेटका विषय क्वचित सापडतो, म्हणून पुढचं सगळं त्यालाच धरून लिहितो. मुलांनी दुसरं काही निवडलं तरी सांगाडा हाच राहील.

हा विषय मुलांच्या आवाक्यातला का, तर डेंग्यू पसरवणारा एडीस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणजे रांजण, बॅरल, हौद, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे. तो जन्मलेल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. त्यामुळे साठ घरांची गल्ली हे खरोखरच पुरेसं क्षेत्र आहे, मुलांचं खोटं समाधान करण्यासाठी घेतलेला तुकडा नव्हे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून कोरडं केलं की साखळी तुटते. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ याच हिशेबावर उभा आहे. आणि अळ्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही.

सातवी-आठवीची चोवीस मुलं पुरे, चाळीस नकोत. चौघांचा एक गट, असे सहा गट, प्रत्येकाकडे दहा घरं. गटात एक बोलणारी, एक बॅटरी धरणारा, एक मोजणारी आणि एक लिहिणारा. या कामांची दर आठवड्याला अदलाबदल झालीच पाहिजे. नाहीतर सुंदर अक्षराची मुलगी दहाही आठवडे लिहीत बसते आणि बडबड्या मुलगाच दहाही आठवडे बोलतो. एका घराला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणजे दहा घरं सव्वा तासात होतात. शनिवारची सकाळची शाळा यासाठी सोयीची. ‘आनंददायी शनिवार’ हा शाळांचा उपक्रम तसाही असतोच, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, त्यातही हे काम बसतं. मुख्याध्यापकांकडे परवानगी मागताना हा आधार उपयोगी पडतो.

प्रत्येक गटाला लागतं ते एवढंच: एक बॅटरी, एक पांढरी वाटी, लांब दांड्याचा एक डाव, चहाची गाळणी, चाप लावलेलं पॅड, पेन्सिल आणि खडू. पेन नको, पावसात शाई पसरते. वाटी पांढरीच हवी, स्टीलच्या वाटीत अळी दिसत नाही. डाव आणि गाळणी यानंतर कोणाच्याही स्वयंपाकघरात जाणार नाहीत, म्हणून दांड्याला लाल सुतळी बांधून ठेवा. पिण्याच्या पाण्यात यातलं काहीही बुडवायचं नाही. तिथे फक्त बॅटरी आणि डोळे. गटामागे साधारण दोनशे-अडीचशे रुपयांत सामान येतं.

आता बॅरलमध्ये बघायचं कसं, हे नीट शिकवा, कारण पहिल्या आठवड्याच्या निम्म्या चुका इथे होतात. मुलं झाकण उघडून बॅटरी मारतात, काही दिसत नाही, ‘शून्य’ लिहितात आणि पुढे जातात. एडीसच्या अळ्या उजेड पडला किंवा पाणी हललं की सरसर तळाशी जातात. पण त्यांना श्वास घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून झाकण उघडल्यावर बॅरलला धक्का न लावता उभं राहायचं, मनात साठ अंक मोजायचे आणि मग बॅटरी सरळ न मारता कडेने तिरकी मारायची. अळी पृष्ठभागाला शेपटीकडून लटकलेली दिसते, डोकं खाली. हात लावला तर इंग्रजी एस अक्षरासारखी वळवळत खाली जाते. स्वल्पविरामासारखा वाकडा, मोठ्या डोक्याचा दिसतो तो कोष. कोष दिसला तर एक-दोन दिवसांत डास उडणार, वहीत त्या घराची खूण वेगळी करायची.

वहीत एका घराला एकच ओळ: घर क्रमांक, पाण्याची भांडी किती, अळ्या असलेली किती, कोणतं भांडं, काय केलं. नावं लिहायची नाहीत, फक्त क्रमांक. आपल्या घरी अळ्या सापडल्या हे गल्लीभर झालं तर ते दार पुढच्या शनिवारी उघडत नाही.

आकडे काढायला सातवीचं शेकडेवारीचं गणित पुरतं. समजा साठ घरांपैकी ६ बंद होती, ५४ पाहिली आणि ९ घरांत अळ्या सापडल्या. ९ भागिले ५४ गुणिले १००, म्हणजे १६.७ टक्के घरं. आरोग्य कर्मचारी याला हाऊस इंडेक्स म्हणतात. तसंच भांड्यांचं: २७० भांडी पाहिली, १३ मध्ये अळ्या, म्हणजे ४.८ टक्के, हा कंटेनर इंडेक्स. दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, हा ब्रेटू इंडेक्स, तो इथे २४ येतो. मुलांना हे तीन शब्द आवडतात, कारण आरोग्यसेवकही तेच वापरतात आणि त्यांच्याशी बरोबरीने बोलता येतं. फक्त बंद घरांचा सापळा समजावून सांगा. बंद घरं भागाकारात धरली तर टक्केवारी आपोआप खाली येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. ज्या आठवड्यात गल्ली गावाला गेलेली असते, त्या आठवड्यात आलेख सुंदर उतरतो.

दारात काय बोलायचं, ते मुलांना ठरवू द्या. शिक्षकांनी लिहून दिलेलं भाषण मुलं पाठ म्हणतात आणि समोरची बाई ‘बरं बरं’ म्हणून दार लावते. वर्गात एकाने काकू व्हायचं, दुसऱ्याने बोलायचं, असा सराव दोन-तीन तास घ्या. त्यातून मुलं स्वतःच शिकतात की ‘तुमच्या घरात अळ्या आहेत’ हे वाक्य आरोपासारखं लागतं. त्याऐवजी वाटीत पाणी घेऊन ‘मावशी, हे बघता का जरा’ एवढं पुरतं. पांढऱ्या वाटीत वळवळणाऱ्या चार अळ्या दिसल्या की बाकीचं बोलणं मावशीच करतात.

पुढची अडचण खरी आहे आणि तिच्यावरच बहुतेक प्रकल्प अडतात. सरकारी पत्रकात लिहिलेलं असतं, आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करा. ज्या घरात नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो, तिथे दोनशे लिटरचं बॅरल रिकामं करा म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. त्या भागातली आजी पाण्याचा तांब्यासुद्धा वाया जाऊ देणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मुलांनी हा प्रश्न घरच्यांशी बोलून सोडवायचा. उत्तर साधं आहे: पाणी फेकायचं नाही, गाळायचं. नळ यायच्या आदल्या दिवशी बॅरलमध्ये पाणी कमी असतं, त्या दिवशी उरलेलं पाणी दुहेरी सुती कपड्यातून बादल्यांत गाळून घ्यायचं. रिकामं बॅरल आतून काथ्याने घासायचं, विसळून उपडं घालायचं, कोरडं होऊ द्यायचं. गाळलेलं पाणी वापरायला, झाडांना किंवा जनावरांना. कपडा उन्हात वाळवायचा. म्हणजे कोरडा दिवस शासनाच्या सोयीचा न ठेवता त्या गल्लीच्या नळाच्या पाळीला जोडायचा. नळ कोणत्या वारी येतो, हे मुलांनी पहिल्याच फेरीत विचारून ठेवावं. पाळी दर आठवड्याला सरकत असेल तर तसं कॅलेंडरच करावं लागतं, आणि ते करण्यात मुलं पटाईत असतात.

घासण्याचा आग्रह का, तेही मुलांना नीट ठाऊक हवं. एडीसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पेन्सिलच्या टोकाने दिलेल्या टिंबाएवढी, काळी. पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीलाच राहतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. ‘आम्ही तर दर आठवड्याला ओततो, तरी अळ्या होतातच’ अशी तक्रार ज्या घरात ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. बोट फिरवून पाण्याची रेष कुठे होती ते दाखवा, तेवढाच पट्टा जोर लावून घासला तरी पुष्कळ झालं. भरून ठेवायच्या बॅरलला झाकणापेक्षा कपडा चांगला. झाकण वाकडं बसतं आणि फटीतून डास जातो. जुन्या सुती साडीचा तुकडा तोंडाला सुतळीने करकचून बांधायचा, मध्ये झोळ पडू द्यायचा नाही. झोळात पाणी साठलं तर तिथेच नवं घर तयार होतं.

मोठी भांडी सगळ्यांनाच दिसतात. छोटी मुलांनाच सापडतात. पत्र्यावर वजनाला ठेवलेले टायर, ताडपत्रीच्या घड्या, उन्हाळ्यात वापरून कोपऱ्यात ढकललेल्या कूलरच्या तळातलं पाणी, अंगणातलं जुनं दगडी उखळ, मनीप्लँटची बाटली, करवंट्या, पंक्चरच्या दुकानामागचा ढीग. टायर फेकून द्या म्हणू नका, तो पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला आहे. त्याला खालच्या बाजूने भोकं पाडून घ्या किंवा आत माती भरा. पत्र्यावर आणि गच्चीवर मुलांनी चढायचं नाही, खालून बघून नोंद करायची आणि काम घरच्या मोठ्या माणसाचं.

जनावरांच्या हौदासारखं जे पाणी रिकामं होणं शक्य नाही, तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांची पैदास केलेली असते, आरोग्यसेवकांकडे मागितले तर मिळतात. आणताना डबा अर्धाच भरायचा, वर हवा राहू द्यायची. नव्या हौदात एकदम ओतले तर मरतात. पंधरा-वीस मिनिटं डबा हौदातच तरंगत ठेवायचा आणि मग हळूच तिरका करायचा. नळाला नुकतंच क्लोरीनचं किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पाणी येऊन गेलं असेल तर एक दिवस थांबायचं. नदी, ओढा, तळं यांत गप्पी सोडू नका. तो बाहेरचा मासा आहे, स्थानिक माशांना त्रास देतो. अळीनाशक औषधाला मात्र मुलांनी अजिबात हात लावायचा नाही, ते आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम.

दहापैकी तीन-चार दारांत एक वाक्य ऐकू येणारच: ‘आधी ती गटारं साफ करायला सांगा!’ मुलं इथे गोंधळतात. खरं उत्तर दोन भागांत आहे. गटारातला डास वेगळा, क्युलेक्स. तो घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो. पण एवढं सांगून मुलांनी पुढे जाऊ नये, कारण गटाराची तक्रार खोटी नसते. वहीच्या मागच्या पानांवर गटारांच्या नोंदी ठेवा: जागा, तारीख, काय दिसलं. तीन आठवडे तीच जागा तशीच असेल तर मुलांनी नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावे अर्ज लिहावा. एका अर्जात एकच मागणी, जागेची खूण स्पष्ट, तारखा लिहिलेल्या, खाली मुलांच्या सह्या आणि शाळेचा पत्ता. दोन प्रती न्यायच्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून आवक क्रमांकासह पोच घ्यायची. पोच न घेता परत आलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला स्थानिक शासनाचा धडा इथे पहिल्यांदा खरा वाटतो, आणि गटार साफ झालंच तर गल्लीतली उरलेली दारंही उघडतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मुलांचं मत घेऊ नका, ते तुम्हीच ठरवा. पालकांचं लेखी संमतिपत्र. दोन गटांमागे एक मोठं माणूस, गल्लीच्या तोंडाशी उभं. अंगण, पडवी, मोरी एवढ्यापर्यंतच जायचं, आतल्या खोलीत नाही. दार उघडायला घरात एकटा पुरुष असेल तर पुढच्या घरी जायचं. विहीर, बांधकामाचा हौद, जमिनीतली टाकी यांपासून लांब. अंगभर कपडे, कारण हा डास दिवसाच चावतो. घरात कोणाला ताप आहे का, हे मुलांनी विचारायचं नाही. कोणी आपणहून सांगितलं तर आशाताईंच्या कानावर घालायचं. परत आल्यावर साबणाने हात.

बाकी सगळं मुलांचं. शुक्रवारी पंधरा मिनिटांची बैठक, दर वेळी नवा अध्यक्ष, आणि पहिली दहा मिनिटं शिक्षक मागच्या बाकावर गप्प. हे ऐकायला सोपं आहे, करायला फार जड जातं. मुलं चुकीचा निर्णय घेताना दिसतात आणि जीभ शिवशिवते. तो निर्णय धोक्याचा नसेल तर होऊ द्या. त्यांनी दुपारी जायचं ठरवलं आणि निम्मी घरं झोपलेली सापडली, तर पुढच्या शुक्रवारी तीच मुलं वेळ बदलतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला काम मंदावतं. नावीन्य संपलेलं असतं, काही गट न बघताच शून्य लिहू लागतात. रागावून उपयोग नाही. त्या आठवड्यात गटांची घरं आपसात बदला आणि आदल्या गटाचे आकडे न दाखवता मोजायला लावा. फरक पडला तर तो सगळ्यांसमोर मांडा, कोण चुकलं हे न विचारता असं का झालं हे विचारा. याच सुमारास वर्गात एक काचेची बरणी ठेवा: चार-पाच अळ्या, अर्ध्यापर्यंत पाणी, तोंडाला दुहेरी मलमल आणि दोन रबर. रोज चित्र काढायचं. कोष दिसले की त्याच दिवशी शिक्षकांनी बरणीत उकळतं पाणी ओतून ती संपवायची. शनिवार-रविवार बरणी एकटी ठेवली तर सोमवारी वर्गात डास असतात.

वेळापत्रक जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपेल असं आखा. जून शाळा बसण्यात, सराव करण्यात आणि आशाताईंना एकदा वर्गात बोलावण्यात जातो. जुलै हा डेंग्यू प्रतिरोध महिना असतो, त्यामुळे आरोग्य केंद्राचीही मदत मिळते. गणपतीच्या सुट्टीत एक फेरी चुकते आणि दोन आठवड्यांची फट पडते. ती अळ्यांना पुरेशी असते, तेव्हा त्या आठवड्यापुरती प्रत्येक मुलाने स्वतःची गल्ली सांभाळायची असं ठरवून ठेवा.

शेवटच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक गटासोबत सहावीची दोन मुलं न्या. आठवीतली मुलं पुढच्या वर्षी शाळेत नसतील, वही कोणाकडे जाणार हे आत्ताच दिसायला हवं. आलेख शाळेत लावण्यापेक्षा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत मुलांनीच पाच मिनिटांत मांडावा, घर क्रमांक न सांगता. प्रमाणपत्रं आणि गुण नकोत. गुण ठेवले की शून्य लिहिण्याचा मोह वाढतो.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर सप्टेंबरच्या अखेरच्या फेरीत ज्या घरांत अळ्या होत्या त्यांचे क्रमांक वेगळे लिहून ठेवा. त्या भांड्यांच्या भिंतीवरची अंडी उन्हाळाभर कोरडी राहूनही जगू शकतात. पुढच्या जूनमध्ये सहावीतून सातवीत आलेल्या मुलांनी पहिला पाऊस पडायच्या आत काथ्या घेऊन आधी त्याच दारांत जायचं आहे.